तलावाच्या वाटेवरची पायली

मित्रांनो, नाकावर रुमाल धरलात तरी मी रागावणार नाही. मी एक जुनी सिमेंटची पायली आहे. धान्य मोजायची नव्हे. आमच्या झाडीपट्टीत रस्त्याखाली, नालीखाली जो मोठा सिमेंटचा पाईप घालतात त्याला लोक पायली म्हणतात, ती मी. गोंदिया जिल्ह्यातल्या एका अर्धे खेडे आणि अर्धे शहर असलेल्या गावाचे सांडपाणी माझ्या पोटातून येते आणि माझ्या तोंडातून नाल्यात पडते. गावाचे नाव मात्र विचारू नका. घराघरातल्या मोरीची गोष्ट मला ठाऊक आहे, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असते.

माणसाला लाज वाटली की तो मान खाली घालतो, बायका पदर पुढे ओढतात, आणि अगदीच झाले तर घराचे दार लावून घेता येते. मी काय करावे? मी दोन्हीकडून उघडी. मला तोंड लपवायला जागा नाही, कारण मी जवळजवळ सगळी तोंडच आहे. त्यामुळे आजवर जे झाले ते उघड्या तोंडाने पाहत राहिले, आणि आज तसेच सांगते आहे.

माझा जन्म एका पाईपांच्या कारखान्यात झाला. लोखंडी सळ्यांचा गोल सांगाडा साच्यात बसवला, साचा गरगर फिरवला आणि आत सिमेंट, रेती आणि बारीक गिट्टी ओतली. साचा उघडला तेव्हा मी होते. मग आम्हा सगळ्या पायल्यांना पाण्यात ठेवले, कारण नव्या सिमेंटला पाणी पाजले नाही तर ते तडकते. विहिरीचे गार पाणी होते ते. आयुष्यात स्वच्छ पाण्याशी माझी गाठ पडली ती तेवढीच.

माझ्याबरोबरच्या काही पायल्या कालव्याच्या कामावर गेल्या. धानाच्या बांध्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना, पाणी पोहोचवायचे काम, किती मानाचे! मलाही तेच मिळेल अशी माझी खात्री होती. रोवणी करून थकलेल्या बाया माझ्या तोंडाशी वाकतील, ओंजळीने पाणी घेतील, चेहऱ्यावर मारतील, असे मी मनात रंगवत होते. पण माझा ट्रक कालव्याच्या रस्त्याला वळलाच नाही. तो गावाच्या मागच्या बाजूला, जिथे लोक केर टाकतात तिथे येऊन थांबला.

मला रांगेतली शेवटची म्हणून बसवले, हातभर बाहेर काढून. म्हणून मला सगळे दिसते. समोर नाला आहे. नाल्याच्या त्या अंगाला चुन्नीलाल नावाच्या शेतकऱ्याच्या धानाच्या बांध्या आहेत, आणि हाकेच्या अंतरावर तलाव आहे. नाला जाऊन त्या तलावालाच मिळतो. माझ्या डोक्यावर मोहाच्या झाडाची सावली पडते, म्हणून शेतावरची माणसे वारा पाहून माझ्या पाठीवर टेकतात आणि सुखदुःखाचे बोलतात. ते मला ऐकू येते.

बसवल्यावर माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. एक पुढारी म्हणाले, आता गावात घाण राहणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही फुगले. त्यांचे बोलणे खोटे नव्हते. गावात घाण राहिली नाहीच, ती माझ्या तोंडून बाहेर पडली. बाहेर म्हणजे कुठे, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही.

सुरुवातीला पावसाचे आणि भांड्याधुण्याचे पाणी यायचे. मग घरोघरी संडास झाले, न्हाणीघरे झाली, कपडे धुवायची यंत्रे आली. माझ्या तोंडाला फेस येऊ लागला. वासाने लोक हैराण झाले तेव्हा गावाने वरच्या अंगाला टाक्या बांधल्या. तिथे गाळ खाली बसतो, पाण्यात हवा फुंकतात आणि वास बराच मरतो. टाक्या सुरू झाल्या तेव्हा कोणीतरी माझ्या तोंडाखाली बाटली धरली, उन्हात उंच करून दाखवली आणि म्हणाले, "पाहा, आरशासारखे पाणी!" मोबाईलवर फोटो निघाले. दुसऱ्यांदा माझे कौतुक झाले, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्या पोटातून काय जाते ते मला कळत होते.

मित्रांनो, दिसायला साफ म्हणजे साफ नव्हे. साखर विरघळलेले पाणीसुद्धा साफच दिसते. तुमच्या मलमूत्रात आणि कपड्यांच्या पावडरीत जे नत्र आणि स्फुरद असते, ते आमच्या टाक्यांत बसत नाही. ते पाण्यात विरघळून माझ्यातून सरळ पुढे जाते. शेतकरी पोत्याने विकत आणतो तेच हे खत. ते धानाला मिळाले तर धान पोसते. तलावाला मिळाले तर काई पोसते, म्हणजे पाण्यावरचे ते हिरवे, बुळबुळीत शेवाळ. काई वाढते, मरते, सडते, आणि सडताना पाण्यातला श्वासच ओढून घेते. मग मासे वर येऊन तोंड उघडतात.

त्या तलावात शामकला शिंगाडा लावते. ती ढिवराची, म्हणजे मासेमाराची लेक. तिच्या आईनेही याच पाण्यात शिंगाडा काढला. छातीभर पाण्यात उतरायचे, ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबवर टोपली ठेवायची आणि वेलांच्या पानांखाली हात घालून एकेक काटेरी शिंगाडा तोडायचा, हे तिचे काम. पूर्वी ती गाणे म्हणत काम करायची. माझ्या पाण्याचे दिवस आले आणि तिचे गाणे बंद झाले. काईने वेलांची कोवळी पाने झाकली, मुळे कुजली, आणि पाण्यात उतरले की अंगाला खाज सुटू लागली. लागोपाठच्या हंगामांत तिच्या टोपल्या अर्ध्याच भरल्या आणि शेवटी तर रिकाम्याच आल्या.

एकदा ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेपर्यंत हिरवी झाली होती.

"किती ओकतेस व?" ती मला म्हणाली. "तुले भरते कोन, मले दिसत नाई. मले तं तूच दिसतेस."

तिचा नवरा टिकाराम नागपूरला इमारतीच्या कामावर होता. त्याचा फोन यायचा तेव्हा ती मोहाखाली उभी राहून बोलायची, कारण तलावावर आवाज तुटायचा. तो म्हणायचा, ठेकेदाराकडे दोघांना काम आहे, तलाव सोड आणि ये. ती ऐकून घ्यायची. त्या वर्षी उन्हाळा संपता संपता ती त्याला म्हणाली, "येवढा एक हंगाम पाह्यतो. शिंगाडा सडला तं बोचकं बांधून येतो. मंग तलावाचं नाव नाई घेत." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तलावाकडे पाहत राहिली. माझे पाणी तिच्या पायांपाशी खळखळ वाजत होते आणि ते आवाज करत नसते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

त्याच सुमारास नगर पंचायतीत पाण्याच्या कामावर दुर्गेश्वरी नावाची तरुण अभियंता आली. ती आमगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिने माझ्या तोंडचे पाणी तपासले आणि टाळ्या वाजवल्या नाहीत. ती एक दिवस चुन्नीलालला आणि शामकलाला घेऊन मोहाखाली आली.

चुन्नीलाल हा पोवार समाजातला घरंदाज शेतकरी. त्याची परह्याची बांधी, म्हणजे रोपे वाढवायची जागा, पंचक्रोशीत सगळ्यात हिरवी असे. लोक मुद्दाम वाट वाकडी करून ती बघायला येत. तो माझ्यावर टेकला आणि दुर्गेश्वरी बोलू लागली. विरघळलेले खत काढायला आणखी मोठे यंत्र लागते, ते गावाला सध्या झेपणार नाही, असे तिने आधीच सांगून टाकले. मग म्हणाली, नाल्याच्या काठाने झाडे आणि गवताचा एक पट्टा परत उभा करू. जेवढे खत ही पायली तलावात सोडते, तेवढे दुसऱ्या वाटेने जाणारे खत तरी अडवू. म्हणजे तलावावरचा भार हलका होईल. आणि त्या पट्ट्यासाठी चुन्नीलालच्या बांधीची नाल्याकडची कड सोडावी लागेल. तिथल्या धानाची भरपाई नगर पंचायत देईल.

चुन्नीलाल उठून उभा राहिला. "मॅडम, घान गावाची अन् जमीन माही काऊन?"

मित्रांनो, मला वाटले जमिनीने दुभंगून मला पोटात घ्यावे. खरे तर मी अर्धी पोटातच होते, म्हणून तेही जमले नाही. माणूस काही चुकीचे बोलला नव्हता. ओकणारी मी, आणि पुसणारा तो.

"घाण गावाची आहे, काका. ते मी नाकारत नाही," दुर्गेश्वरी म्हणाली. "पण तलावात खत जायच्या वाटा दोन आहेत. एक ही पायली. दुसरी तुमच्या बांध्या. पाऊस धुऱ्यावरून उतू जातो तेव्हा तुमचा युरिया कुठे जातो?"

"नाल्यात जाते. सगळ्याइचाच जाते."

"मध्ये त्याला अडवायला काय आहे? नाल्याचा काठ कुठे आहे, मला दाखवा."

चुन्नीलालने हात उचलला आणि तो हात तसाच राहिला. दाखवायला काठ होताच कुठे? आमच्याकडे दर उन्हाळ्यात धुरे नीट करतात. धुरा म्हणजे बांधीचा मातीचा बांध. तो नीट करताना कुदळ नाल्याच्या अंगाला थोडी पुढे सरकते. यंदा वीतभर, पुढल्या साली वीतभर. आज्याच्या वेळी तिथे जांभळी होत्या, करंज होते, गुरे बसत होती. बापाच्या वेळी झाडे गेली. आता बांधीचा धुरा सरळ नाल्यात उतरत होता. हे काही चोरी म्हणून कोणी केले नव्हते. इकडे धुरा राखणाऱ्याला लोक कष्टाळू म्हणतात.

"बापानं केलं, आज्यानं केलं," चुन्नीलाल हळू आवाजात म्हणाला. "सगळेच करतेत."

तोवर गप्प बसलेली शामकला बोलली. "भाऊ, मी तुमची जमीन नाई मांगत. नाल्याचं हाये ते नाल्याले द्या, येवढंच मनतो. यंदा शिंगाडा नाई झाला तं मी चालली नागपूरले. मंग तुमच्या घरी एकादशीले शिंगाड्याचं पीठ दुकानातलं येईन."

चुन्नीलाल बांधीच्या कडेकडेने टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. "लोक मनतीन चुन्नीलाल येडा झाला," तो म्हणाला. "मनू द्या. लावा झाडं. पन माह्या कडेले झाडं लावान तं चांगली लावा. मरतुकडी नाई पायजेत."

पावसाळ्याच्या तोंडावर धुरा मागे घेतला. नाल्याचा खडा काठ उतरता केला. पाण्यालगत वाळ्याची जुडगी रोवली, त्याच्या वर बांबू आणि करंज, आणि त्याच्याही वर अर्जुन आणि जांभूळ. शामकला आणि तिच्या सोबतच्या बायांनी खड्डे केले. चुन्नीलाल रोज सकाळी येऊन रोपांच्या रांगेतून फिरायचा, वाकडे रोप सरळ करायचा. बांधीतून उतरलेले पाणी या पट्ट्यात येऊन रेंगाळते, माती खाली बसते आणि मुळे खत पिऊन घेतात, असे दुर्गेश्वरीने सगळ्यांना समजावून सांगितले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तलावात शामकलाने वेल लावले. पाणी पूर्वीसारखे निळे नव्हते, पण वेल तरारले. तलावाकडून तिचे गाणे ऐकू आले तेव्हा मला इतका आनंद झाला की माझ्या पाण्याचा आवाज मलाच नकोसा झाला.

आणि मग श्रावणात ती गोष्ट घडली.

पट्ट्यातली रोपे पिवळी दिसू लागली. नव्या जागी रोपटे आधी मूळ धरते, पाने नंतर पाहते. पण चुन्नीलालला ते बघवेना. त्याच्या बांधीला उभ्या जन्मात कोणी पिवळे म्हटले नव्हते. येणारे-जाणारे माझ्यापाशी थांबून हसू लागले होते. एकजण तर म्हणाला, "का गा चुन्नीभाऊ, झाडाइले कावीळ झाली का?" चुन्नीलालने हसून सोडून दिले, पण त्याचा चेहरा मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डोक्यावर घमेले घेऊन आला. घमेल्यात युरिया होता, पांढराशुभ्र. नाल्याच्या काठाने तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि मुठीने प्रत्येक रोपाला घातला. आजारी लेकराला भरवावे तसा घातला. घमेले संपले तेव्हा परत गेला आणि भरून आणले. मोकळी माती वाया का जाऊ द्यायची म्हणून रोपांच्या मधल्या जागेत त्याने तुरीही टोचल्या, आणि त्यांनाही खत टाकले. आमच्याकडे धुऱ्यावर तूर असतेच. रिकामा धुरा म्हणजे आळशी घर.

मी उघड्या तोंडाने पाहत होते. अहो चुन्नीभाऊ, हा पट्टा खत खाण्यासाठी आहे, त्याला खत चारायचे नसते! पण माझ्या तोंडातून शब्द येत नाहीत. काय येते ते तुम्हाला माहीत आहे.

संध्याकाळी धो धो पाऊस लागला. सगळा युरिया माझ्या डोळ्यांदेखत नाल्यात उतरला, आणि नाला तो तलावात घेऊन गेला.

काही दिवसांत रोपे हिरवीगार झाली. तलावही हिरवागार झाला. काई अशी आली की पाणी दिसेना. सकाळी मासे वर येऊन तडफडले, आणि शिंगाड्याच्या पानांवर हिरवी साय धरली. शामकला पाण्यात उतरून हातांनी काई ओढत होती, आणि ओढली तेवढी पुन्हा येत होती. बातमी गावात गेली. माणसे नाल्यावर जमली आणि सगळ्यांची बोटे माझ्याकडे वळली. "ह्याच पायलीनं घात केला." "झाडं लावून काय होते, हिचं तोंड बंद केलं पायजे." कोणीतरी मोठा दगड भिरकावला. माझ्या ओठाचा एक टवका उडाला आणि आतली सळई उघडी पडली.

मित्रांनो, आता जे सांगते ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. दगड लागला तेव्हा मला बरे वाटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोष माझा एकटीचा नव्हता. मार मी खात होते आणि चूक दुसऱ्याची होती, आणि त्या जाणिवेने मी आतून चक्क सुखावले. तेवढ्यात शामकला तलावातून वर आली. तिच्या हातात एक वेल होता, मुळासकट सुटून आलेला. तिने तो काठावर ठेवला, पदराने हात पुसले, मोहाखाली आली आणि टिकारामला फोन लावला. "गाडी कवा हाये नागपूरची?" तिने विचारले. बस, एवढेच. माझे सुख तिथल्या तिथे जळून गेले. चूक कोणाची हे मोजत बसलेली मी, आणि घर कोणाचे उठत होते?

दुर्गेश्वरी धावत आली. तिने माझ्या तोंडचे पाणी बाटलीत घेतले, नाल्याचे घेतले. तिचाही चेहरा पडला होता. पट्टा लावायला तिने सांगितले होते आणि आता गाव तिलाच जाब विचारत होते. तिने नाल्याच्या काठावर पाऊल टाकले, तेवढ्यात पलीकडून चुन्नीलाल लगबगीने आला. त्याला गर्दीचे कारण अजून नीट कळलेले नव्हते. तो हसत होता.

"मॅडम, तलावाचं पाहू मंग. आधी झाडं पाह्या! आठवड्यात कसे उठले! पिवळं पान दाखवा एक."

"काका, तुम्ही यांना काय घातले?"

"युरिया मारलो," चुन्नीलाल छाती काढून म्हणाला. "हात आखडला नाई. माह्या कडेची झाडं मरतुकडी राह्यतीन का?"

दुर्गेश्वरीने डोळे मिटून घेतले. गर्दीतले जे हुशार होते त्यांना कळले, आणि ज्यांना कळले नाही त्यांना शेजारच्याने कोपराने सांगितले. चुन्नीलालचे हसू चेहऱ्यावर तसेच अडकून राहिले. त्याने आधी झाडांकडे पाहिले, मग उतरत्या काठाकडे, मग तलावाकडे.

शामकला त्याच्यासमोर आली. ती ओरडली नाही. "भाऊ, ही पायली तोंडानं टाकते. तिले हात नाईत. तुमी तं हातानं टाकले."

माणसे एकेक करून निघून गेली. चुन्नीलाल माझ्यावर येऊन बसला, डोक्याचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले. इतकी वर्षे माणसे माझ्यावर बसली, पण माझ्यासारखे वाटत असलेला माणूस माझ्यावर त्या दिवशीच बसला. त्याच्या घरी कोणाला वाटले नसते की पोवाराचा चुन्नीलाल सांडपाण्याच्या पायलीवर बसून डोळे पुसेल. मला त्याला सांगावेसे वाटले की चुन्नीभाऊ, तुम्ही मायेने केलेत. पण मायेने टाकलेले खतही तलावाला हिरवेच करते, हेही खरे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामकला तलावावर बोचके बांधायला म्हणून ट्यूब आणि टोपल्या गोळा करत होती, तेव्हा चुन्नीलाल ट्रॅक्टरला ट्रॉली लावून आला. धोतर खोचले आणि पाण्यात उतरला. त्याला पोहता येत नव्हते. त्याच्या घरातले कोणी आजवर त्या तलावात शिंगाडा काढायला तर सोडाच, काई काढायलाही उतरलेले नव्हते.

"काय करून राहिले भाऊ?" शामकलाने विचारले.

"माहा युरिया हाये," तो म्हणाला. "परत न्यायले आलो. धर व बाई, एक टोक धर."

त्याने घरातली जुनी साडी आणली होती. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला शामकला, अशी दोघांनी साडी पाण्यावरून ओढली आणि काई काठाला लावली. पहिल्या ओढीलाच त्याचा पाय घसरला आणि तो नाकापर्यंत बुडाला. शामकलाने त्याला मुंडाशाला धरून ट्यूबवर ढकलले आणि ती इतकी हसली की हसता हसता रडू लागली. मग तिच्या सोबतच्या बाया उतरल्या. दुपारी चुन्नीलालच्या घरचे लोक आले. काई ट्रॉलीत भरली आणि चुन्नीलालने ती आपल्या पडीत बांधीत नेऊन टाकली, पुढच्या साली खत म्हणून. रोज हेच चालले. पट्ट्यातल्या तुरी त्याने स्वतः उपटल्या. ते पाहून लोक त्याला चिडवायचे विसरले.

निम्मे वेल मेले आणि निम्मे वाचले. टिकारामचा फोन आला तेव्हा शामकला म्हणाली, "गाडीचं राहू दे. निम्मा शिंगाडा हाये. निम्म्यासाठी थांबतो."

आता पट्टा उभा राहतो आहे. करंज कमरेएवढे झाले. बाया वाळ्याचे आणि काठावरचे गवत कापून जनावरांना नेतात, कारण गवताने पोटात घेतलेले खत गवताबरोबरच तिथून हलले पाहिजे, सडून परत नाल्यात पडता कामा नये. आजूबाजूच्या शेतकऱ्यांपैकी काहींनी धुरे मागे घेतले, काही अजून घेत नाहीत. काठाजवळ कोणी युरियाचे घमेले घेऊन दिसले की चुन्नीलाल हातातले काम टाकून धावतो. तलाव मात्र एका पावसाळ्यात निळा होत नसतो. इतक्या वर्षांचे माझे त्याच्या तळाशी बसलेले आहे.

आणि मी? मी तशीच आहे, मित्रांनो. माझ्या तोंडून आजही तेच येते. झाडे लागली म्हणून मी काही गंगा झाले नाही. माझे पाप कमी झाले नाही, ते उचलायला इतरांनी हात लावला इतकेच. म्हणून लोक पट्टा पाहायला येतात आणि कौतुक करतात तेव्हा मी गप्प असते. तुम्हाला एकच मागते. घरी मोरीत पावडरीचा फेस ओतताना, नळ सोडताना, एकदा मनाला विचारा की हे पाणी कुठे जाते. आणि तुमच्या शेताशेजारी नाला असेल तर त्याला त्याचा काठ ठेवा. गावाने ते मोठे यंत्र बसवायलाही विसरू नये, झाडे लावली म्हणजे गावाची जबाबदारी संपली असे नाही.

परवा शिंगाड्याची पहिली तोडणी झाली. ढिवरांच्या घरात पहिला शिंगाडा कोणी खात नाही, विकत नाही. जिथून तलावाला पाणी येते तिथे तो ठेवायचा आणि हात जोडायचे, अशी रीत आहे. पूर्वी नाल्याला वरच्या झऱ्याचे पाणी असायचे. आता पाऊस सरला की नाल्यात पाणी असते ते फक्त माझे.

शामकला आली. तिने पदर नाकावरून घट्ट बांधला होता, कारण दोन्ही हात जोडायला मोकळे हवे होते. ओले हिरवे शिंगाडे तिने माझ्या फुटलेल्या ओठावर ठेवले, डोळे मिटले आणि वाकून नमस्कार केला. मला वाटले, निदान ती वर मान करेपर्यंत तरी वाहायचे थांबावे. पण गावात कोणीतरी मोरी धूत होते, आणि मी तिच्यासमोर वाहत राहिले.